मॅन्युफॅक्चरिंगचा एम.टेक. निवडताना : रँकिंग नेमकं कशाचं?

"दादा, दोन कॉलेजांत मॅन्युफॅक्चरिंगला नंबर लागतोय. कुठे जाऊ?" गेटचा निकाल लागला की हा मेसेज येतोच, आणि सोबत एनआयआरएफचे दोन क्रमांक. तुमच्याही हातात ते असतील, तर आधी ते काय मोजतात ते बघूया.

२०१६ साली एनआयआरएफची पहिली यादी आली. इंजिनिअरिंगच्या यादीत शिक्षण व साधनांना ३० टक्के भार, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निकालांना २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मताला १०. निकष वाईट नाहीत. अडचण अशी, की हे सगळं अख्ख्या संस्थेचं मोजमाप आहे. कॉम्प्युटर विभागाचे पेपर आणि पगार वाढले की संस्था वर जाते. तुमच्या वर्कशॉपमधलं बंद पडलेलं सीएनसी मात्र बंदच राहतं. एनबीएचं मूल्यांकन अभ्यासक्रमाचं असतं, हे खरं. पण त्यातून किमान दर्जा कळतो, दोघांत सरस कोण हे नाही.

मग पगारावरून ठरवायचं? इथे संशोधनातली जुनी मेख आहे : निवडीचा परिणाम. डेल आणि क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ च्या पेपरात, सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. काही जण जास्त नामांकित कॉलेजात गेले, काही कमी. पुढच्या कमाईत सरासरी फारसा फरक दिसला नाही; गरीब घरातल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा झाला. तो अभ्यास पदवीचा आणि अमेरिकेतला, जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण प्रश्न उचला : चांगला निकाल कॉलेजमुळे, की आत आलेल्या मुलांमुळे?

तुम्हाला पुढे पीएच.डी. करायची असेल, तर मी सांगतो ते करा. दोन्ही विभागांचे अलीकडचे तीन-तीन पेपर काढा आणि थेट प्रयोगाच्या मांडणीवर या. मशीन कुणाचं? कटिंग फोर्स डायनामोमीटरने मोजलाय की फक्त सूत्राने काढलाय? मोजणी स्वतःच्या लॅबमध्ये की बाहेरून करून आणलीय?

मग प्रयोगांची संख्या बघा. तागुचीचा एल-९ आराखडा वापरून फक्त नऊ प्रयोग, त्यात चार घटक, आणि पुनरावृत्ती नाही? नऊ प्रयोगांतून आठ स्वातंत्र्यमात्रा मिळतात. तीन पातळ्यांचे चार घटक त्या आठही खाऊन टाकतात. चुकीचा अंदाज घ्यायला काहीच उरत नाही, तरी खाली अनोव्हाचं टेबल ऐटीत बसलेलं असतं. दर वर्षी फक्त धातू बदलून हेच होत असेल, तर तिथे तुम्ही काय शिकणार ते कळलंच.

मी स्वतः हे न बघता एम.टेक.ला गेलो. मशीन होतं, पण ऑपरेटर नव्हता. प्रबंधाचे पाच महिने बाहेरच्या जॉब-शॉपच्या वेळा सांभाळण्यात गेले. क्रमांक बघितला होता, लॅब नाही.

म्हणून फी भरण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करा आणि एवढंच विचारा : "गेल्या महिन्यात तू स्वतः मशीनवर किती तास होतास?" दोन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी लिहा, मग क्रमांक बघा.