शब्दयादीपलीकडे : मराठी माध्यमातील पदवी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी शब्दसंपत्तीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी विषय सुरू करण्यात आला. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले साधारणपणे २०१२ च्या सुमारास पदवीच्या वर्गात आली. म्हणजेच सांगली जिल्ह्यातील आष्टा येथे बागणी, बावची, गोटखिंडी या परिसरातून एस.टी.ने शिकावयास येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी आज बारा वर्षे इंग्रजी शिकून पदवीस प्रवेश घेतो. व्याकरणाचे नियम त्याला ठाऊक असतात. साधे वाक्य तो लिहितो, सूचना त्याला समजतात. तथापि अर्थशास्त्राचा अथवा इतिहासाचा इंग्रजी संदर्भग्रंथ हाती दिला असता तो दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबतो आणि बाजारातील मराठी मार्गदर्शकाकडे वळतो. ‘शब्द कमी पडतात’ हे याचे सर्वमान्य निदान होय, आणि शब्दांची यादी पाठ करणे हा त्यावरील सर्वमान्य उपाय होय. यातील निदान अर्धेच बरोबर असून उपाय मात्र चुकीच्या जागी केला जातो.

मधला थर :

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषिक क्षमतेच्या आराखड्यात सहा पायऱ्या आहेत. त्यांपैकी चौथी पायरी, म्हणजे ‘बी टू’, ही उच्च-मध्यम पायरी मानली जाते. पदवीच्या विद्यार्थ्याकडून प्रत्यक्षात याच पायरीची अपेक्षा असते. शब्दसंख्येचा प्रश्न येथे निश्चितच आहे. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार सामान्य इंग्रजी मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावयाचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुले यावी लागतात. ९८ टक्के म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. तीनशे शब्दांच्या पानावर सहा. हेच प्रमाण ९५ टक्क्यांवर आले की त्याच पानावर पंधरा शब्द अडतात आणि वाचनाचे रूपांतर कोश चाळण्यात होते.

परंतु हे हजारो शब्द कोणत्या क्रमाने यावेत? मायकेल वेस्ट यांनी बंगालमधील अध्यापनाच्या अनुभवानंतर १९५३ मध्ये सुमारे दोन हजार पायाभूत शब्दांची यादी सिद्ध केली. त्यानंतर २००० साली न्यूझीलंडमधील अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, विधी व विज्ञान या चार शाखांतील लेखन तपासून, वेस्ट यांच्या यादीबाहेरची परंतु सर्व शाखांत वारंवार येणारी ५७० शब्दकुले निवडली. शास्त्रीय लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द एवढ्याच कुलांतून येतात. हाच तो मधला थर. आपल्या अध्यापनात नेमका हाच वगळला जातो, कारण तो इंग्रजीच्या प्राध्यापकास फार सोपा वाटतो आणि इतर विषयांच्या प्राध्यापकास आपला वाटत नाही.

नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे पुस्तक या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांत ते आजही विलक्षण लोकप्रिय आहे. ग्रीक व लॅटिन धातूंवरून शब्द उलगडून दाखविण्याची त्यातील पद्धत वेधक आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते लिहिले गेले इंग्रजी हीच घरची भाषा असलेल्या प्रौढ अमेरिकन वाचकासाठी. त्याच्याजवळ मधला थर जन्मतःच असतो. त्याला वरचा मजला हवा असतो. म्हणून पुस्तकाचा प्रारंभ मनुष्यस्वभावाच्या प्रकारांनी होतो व पुढे निरनिराळ्या वैद्यकीय तज्ज्ञांची नावे येतात. स्त्रीद्वेष्ट्यास, मानवद्वेष्ट्यास आणि पायाच्या डॉक्टरास इंग्रजीत काय म्हणतात हे पाठ असलेल्या विद्यार्थ्यास ‘व्हेअरअॅज’ व ‘देअरबाय’ यांनी जोडलेले वाक्य लागत नाही, असे विचित्र चित्र त्यातून निर्माण होते. दोष लुईस यांचा नव्हे. तो पुस्तक निवडणाऱ्यांचा आहे.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ :

कॉक्सहेड यांची यादी आष्ट्याच्या बाजारपेठेतून फिरून यावी तशी वाचली तर एक महत्त्वाची बाब लक्षात येते. कमिशन, पॉलिसी, क्रेडिट, कॉन्ट्रॅक्ट, बाँड, रजिस्टर, इश्यू, ट्रान्सफर, अॅडजस्ट, इतकेच काय, टेन्शनही (‘टेन्स’ या कुलात) तीत आहे. हे शब्द विद्यार्थ्याला पाठ करावे लागत नाहीत. ते त्याच्या आजीच्याही तोंडी असतात. पण मराठीत येताना प्रत्येकाने आपल्या अर्थाचा एखादाच तुकडा बरोबर आणला आहे. ‘कमिशन’ म्हणजे अडत्याची अथवा दलालाची रक्कम. ‘पॉलिसी’ म्हणजे विम्याची. ‘कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे रस्त्याचे वा इमारतीचे. ‘रजिस्टर’ म्हणजे हजेरीचे.

आता संदर्भग्रंथात अर्थव्यवस्था ‘कॉन्ट्रॅक्ट’ झाली असे वाक्य येते. तेथे आकुंचन अभिप्रेत आहे. विद्यार्थ्याच्या मनात ठेकेदार उभा राहतो. वृत्तान्तात एखाद्याने निषेध ‘रजिस्टर’ केला असे असते. येथे वही शोधून उपयोग नाही. समीक्षाग्रंथ परंपरा व आधुनिकता यांतील ‘टेन्शन’विषयी बोलतो, तेव्हा लेखकाला कसली चिंता लागली आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. गंमत अशी की ‘ताण’ हा मराठी शब्द दोराचा, मनाचा आणि परस्परविरोधी मूल्यांचाही ताण सहज व्यक्त करतो. भौतिकशास्त्रात तर ‘पृष्ठताण’ही आहे. विद्यार्थ्याला ‘टेन्शन’ म्हणजे ‘ताण’ एवढे आठवून दिले तरी अर्धे काम होते. उसना शब्द आकसला, घरचा शब्द रुंदच राहिला. ‘क्रेडिट’चे उलट आहे : पत, श्रेय आणि श्रेयांक अशा तीन मराठी शब्दांचे काम तो एकटा करतो, आणि विद्यार्थ्याला त्यातील पतसंस्थेपुरताच भाग परिचित असतो.

अनोळखी शब्द दिसला की वाचक निदान सावध होतो, कोश उघडतो. ओळखीचा शब्द मात्र तो तपासत नाही. म्हणूनच पदवी स्तरावर न येणाऱ्या शब्दांपेक्षा ‘येतो’ असे वाटणारे शब्द अधिक घातक ठरतात. शब्दयादीत हे शब्द नसतात, कारण यादी करणाराही ते येतात असेच गृहीत धरतो.

शब्दाची सोबत हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. मराठीत ऊन कडक, चहा कडक, शिस्त कडक आणि भाकरीही कडक. इंग्रजीत या चारांना चार निरनिराळी विशेषणे लागतात. मराठी विद्यार्थी परीक्षा ‘देतो’ व शिक्षक ती ‘घेतात’. इंग्लंडमधील विद्यार्थी ती ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात. भारतभर परीक्षा ‘गिव्ह’ केली जाते आणि बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. भारतीय इंग्रजीचा हा हक्क मान्य करावयास हरकत नसावी. वाचताना मात्र कोणी कोणाची परीक्षा घेतली हेच उलटे कळले तर तो हक्क उपयोगी पडत नाही.

शब्दाची ही सोबत नोंदविण्याची थोर परंपरा मराठीच्याच अंगणात आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला व १८५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. मराठी शिकणाऱ्या परक्यांना शब्द नुसता कळून चालणार नाही, तो कोणत्या वाक्प्रचारात, कोणत्या म्हणीत, कोणत्या छटेने येतो हेही कळले पाहिजे, या जाणिवेने तो सिद्ध झाला. आज इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या हाती मात्र एका शब्दापुढे एक प्रतिशब्द देणारा खिशातील कोश असतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घोकंपट्टीचा आक्षेप नेहमी घेतला जातो. पण तेथे शिकलेला शब्द लगेच वाक्यात, तोही दोन्ही दिशांनी, वापरावा लागत असे. तेवढी शिस्तही आजच्या मार्गदर्शकांत उरलेली नाही.

अध्यापनातील जबाबदारी :

हे काम एकट्या इंग्रजी विभागाचे नाही. ‘इकॉनॉमिक’ व ‘इकॉनॉमिकल’ यांतील भेद, एक आर्थिक आणि दुसरा काटकसरीचा, अर्थशास्त्राच्या तासिकेत जितका सहज सांगता येतो तितका अन्यत्र नाही. वाणिज्याच्या प्राध्यापकाने ‘बाँड’ शिकविताना रसायनशास्त्रातील बंध आणि माणसामाणसांतील बंध यांचा नुसता उल्लेख केला तरी शब्द मोकळा होतो. यास दोन मिनिटे पुरतात. अडचण वेळेची नसून प्रश्नपत्रिकेची आहे. ‘पुढील शब्दांचे समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न तपासावयास सोपा असल्याने तो टिकून आहे, आणि तो टिकून आहे तोवर विद्यार्थी यादीच पाठ करणार. त्याऐवजी ‘इश्यू’ हा एकच शब्द तीन वाक्यांत देऊन प्रत्येक ठिकाणचा अर्थ मराठीत विचारला, तर तपासणीस फारसा अधिक वेळ लागत नाही.

हॉर्नबी यांनी परभाषिकांसाठी रचलेला, १९४८ पासून ऑक्सफर्डच्या नावाने निघणारा कोश बहुतेक ग्रंथालयांत असतो. शब्दाची सोबत त्यात उदाहरणांसह दिलेली आहे. परंतु संदर्भ विभागातील ग्रंथ घरी दिला जात नाही आणि गावी परतणाऱ्या विद्यार्थ्यास तासिकेनंतर ग्रंथालयात बसणे जमत नाही. त्याच्या चार-पाच प्रती, जुन्या आवृत्तीच्या का असेनात, इंग्रजीच्या वर्गातच ठेवणे कोणत्याही महाविद्यालयास शक्य आहे.