खलनायकाचे आकर्षण आणि प्रेक्षकाचा सहभाग : इयागो ते लंगडा त्यागी

प्रस्तावना :
प्रबोधनकालीन इंग्रजी नाटकातील खलनायकाच्या आकर्षणाचे कारण बहुधा त्याच्या बुद्धिचातुर्यात शोधले जाते. देवलांच्या 'झुंझारराव' (१८९०) या रूपांतरामुळे मराठी रंगभूमीला परिचित झालेल्या 'ऑथेल्लो'च्या संदर्भात हे उत्तर अपुरे वाटते. इयागोचे आकर्षण तो प्रेक्षकावर टाकत असलेल्या विश्वासात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचन :
मध्ययुगीन नीतिनाटकांतील 'व्हाइस' हे पात्र प्रेक्षकांशी थेट बोलत असे, त्यांना हसवत असे. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड स्वतःची तुलना याच पात्राशी करतो. इयागोही त्याच परंपरेतला. इतर पात्रे त्याला 'प्रामाणिक' म्हणतात. रॉडरिगोलाही तो अर्धेच सत्य सांगतो. संपूर्ण बेत ठाऊक असतो तो केवळ प्रेक्षकाला. त्यामुळे कॅसिओला मद्य पाजण्याचा डाव साधतो की नाही, ही उत्सुकता नैतिक विचाराच्या पुढे धावते. या उत्सुकतेची किंमत कळते ती डेस्डिमोनाच्या शयनगृहात.

चिंथिओच्या मूळ कथेत (१५६५) ध्वजधारकाच्या सूडामागे विफल प्रेम हे स्पष्ट कारण आहे. शेक्सपिअरने ते ओझरत्या उल्लेखापुरते ठेवले. इयागो हुकलेली बढती, पत्नीविषयीचा संशय अशी कारणे देतो. मात्र त्यांतील एकही त्याच्या कृत्याला पुरत नाही. अखेरीस तो यापुढे एक शब्दही न बोलण्याचे ठरवतो. आजवर सर्व काही सांगणारा प्रेक्षकालाच दार बंद करतो.

विशाल भारद्वाज यांच्या 'ओंकारा' (२००६) चित्रपटात लंगडा त्यागीला (सैफ अली खान) ठोस कारण लाभते. बाहुबलीपद केसूला मिळाल्यावर तो आरसा फोडून स्वतःच्याच कपाळी रक्ताचा टिळा लावतो. हा अपमान प्रेक्षकाला समजतो, पटतोही. इयागो नाटकाच्या शेवटी जिवंत असतो. त्यागीला मात्र त्याची पत्नी इंदू ठार करते. कारण आणि शिक्षा दोन्ही मिळाल्याने हिशेब पूर्ण होतो.

निष्कर्ष :
यावरून चित्रपट उणा ठरत नाही. इंदूच्या हाती दिलेला न्याय ही त्याची स्वतंत्र कमाई आहे. तथापि तेथे प्रेक्षक खलनायकाविषयी सहानुभूती बाळगतो, तर नाटकात तो त्याचा भागीदार होतो. सहानुभूती बाळगून निर्दोष राहता येते, भागीदाराला ती सोय नसते. म्हणून 'ऑथेल्लो'चे अध्यापन करताना 'इयागोने असे का केले?' या प्रश्नासोबत 'आपण त्याचे इतक्या आवडीने का ऐकले?' हा प्रश्नही वर्गात विचारला जाणे आवश्यक आहे.