१९३८ सालच्या दोन आठवणी, बऱ्हाणपुरातून वाचताना

मध्यप्रांत-वऱ्हाडातलं १९३८ साल समजून घ्यायचं तर दोन पुस्तकं टाळून चालत नाही. एक डॉ. ना. भा. खरे यांच्या इंग्रजी राजकीय आठवणी (१९५९), दुसरं द्वारकाप्रसाद मिश्र यांचं ‘लिव्हिंग ॲन एरा’ (१९७५). दोघेही एकाच मंत्रिमंडळात होते. खरे त्या काळच्या भाषेत मुख्य प्रधान, तर मिश्र त्यांचे सहकारी आणि पुढे विरोधक. दोघांनीही आपापली बाजू नेटाने मांडली आहे. पण दोन्ही वाचून खाली ठेवली तेव्हा मला वाटलं, भांडण कळलं, साल नाही कळलं.

घटना थोडक्यात अशी. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता आली. १९३७ च्या निवडणुकीत ११२ पैकी बहुसंख्य जागा काँग्रेसला मिळाल्या. वर्षभरात मंत्र्यांचं आपसात फाटलं. २० जुलै १९३८ ला खरे, गोळे आणि रामराव देशमुख यांनी राजीनामे दिले. रविशंकर शुक्ल, मिश्र आणि मेहता मात्र देईनात. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना काढून टाकलं आणि खऱ्यांनी नवं मंत्रिमंडळ बनवलं. ते दोन-तीन दिवसही टिकलं नाही. वर्ध्याला काँग्रेसश्रेष्ठींनी खऱ्यांना राजीनामा द्यायला लावला आणि २९ जुलैला शुक्ल मुख्य प्रधान झाले.

खरे विचारतात तो प्रश्न खोटा नाही: मुख्य प्रधान विधानसभेला जबाबदार की पक्षाच्या समितीला? आजही तो प्रश्न जुना झालेला नाही. पण सहकाऱ्यांना हटवण्यासाठी त्यांनी गव्हर्नरच्या अधिकाराचाच आधार घेतला, हे त्यांच्या युक्तिवादातलं मोठं भोक आहे. मिश्रांची बाजू इथे भक्कम; पण पक्षश्रेष्ठींनी प्रांताचा निर्णय वर्ध्यात बसून फिरवला, याचा त्रास त्यांना फारसा होत नाही. स्वराज्य जवळ आलं होतं, पण मंत्री काढण्याची किल्ली अजून लाटसाहेबांकडेच होती. दोघांनाही ही गोष्ट प्रतिपक्षाला हाणण्यापुरतीच हवी आहे.

आता आपल्या गावाचं. राजीनामे देणारे तिघे मराठी, न देणारे तिघे हिंदी भाषक. सरकारी प्रांत एक, पण काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन: नागपूर, विदर्भ, महाकोशल. आपला निमाड महाकोशलात. म्हणजे बऱ्हाणपुरातल्या मराठी घराची भाषा एका गटाची आणि समिती दुसऱ्या गटाची. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला विधानसभेत स्वतंत्र महाविदर्भाचा ठरावही झाला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. ती रेघ १९३८ मध्येच दिसू लागली होती असं मी म्हणेन.

म्हणून ही पुस्तकं ‘आपला माणूस कोण’ एवढंच शोधत वाचू नयेत. बऱ्हाणपुरात बसून तसं वाचताच येत नाही, आणि मला तर तो आपला फायदाच वाटतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. जुलैची एकेक तारीख लावून पाहा. एक जिथे गप्प बसतो, तिथे दुसरा हमखास बोलतो.