‘स्वतः’ म्हणजे कोण?

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे पुस्तक बहुधा पतिभक्तीचा ग्रंथ म्हणून वाचले जाते. काहींना ते त्यामुळे वंदनीय वाटते, तर काहींना त्यामुळेच खटकते. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात.

आपण खानदेशवासीयांनी त्यातील धुळ्याचा भाग अवश्य वाचावा. १८७९ साली, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या दिवसांत, माधवरावांची धुळ्यास तातडीने बदली झाली. सरकारला त्यांचा संशय होता. त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. सतरा वर्षांची पत्नी हे सारे जवळून पाहत होती. राजकारण पुरुषांचे आणि घर स्त्रीचे, ही वाटणी खरी नाही, याचा प्रत्यय तिला घरातच आला. लेखिका मात्र तसे सांगत नाही. ती केवळ प्रसंग नोंदवते.

पुस्तकाची मर्यादा त्याच्या भाषेतच दिसते. पतीचे नाव घ्यायचे नाही, म्हणून रमाबाई त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. पत्नीने लिहिलेल्या आठवणींत ‘स्वतः’ म्हणजे पती! हा विनय आहे खरा. परंतु त्यात लेखिकेचे स्वत्व झाकले जाते, हे मान्य करावेच लागेल.

तरीही याच रमाबाईंनी पुढे मुंबई इलाख्यात स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीचे नेतृत्व केले. १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला होता. मुंबईच्या कौन्सिलने १९२१ मध्ये मागणी मान्य केली. मालमत्तेच्या अटीमुळे तो हक्क थोड्याच स्त्रियांना लाभला. १९२४ साली रमाबाई निवर्तल्या. सरसकट प्रौढ मताधिकार राज्यघटनेने दिला. पण १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपूर्वी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ याखेरीज त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते.

म्हणून हे पुस्तक मी अपुऱ्या आत्मकथेसारखे वाचतो. त्याचा उत्तरार्ध रमाबाईंनी कागदावर नव्हे, कार्यातून लिहिला.

मतदानाच्या आदल्या सायंकाळी “कोणाला द्यायचे ते हे सांगतील” असे म्हणणारी एखादी भगिनी आमच्या धर्मग्रामात आजही भेटते. तिच्या हाती हे पुस्तक द्यावे, आणि तिच्या ‘ह्यां’च्याही.