ज्वारीचे कोठार आणि मातेऱ्याची भाकर

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी या धान्यांना ‘श्री अन्न’ असे नाव दिले. ज्या धान्याला शहरातली माणसे कालपर्यंत गावंढळ म्हणत होती त्याला एका रात्रीत ‘श्री’ लागला. नवी मुंबईतल्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो तिथेही मग प्रदर्शन भरले. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा लावला होता. कोकणात भात आणि मासे, सह्याद्रीच्या उतारावर नाचणी-वरी, देशावर ज्वारी, हलक्या रानांत बाजरी, भंडारा-गोंदियाकडे पुन्हा भात. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा पदार्थ चिठ्ठीवर लिहून आपल्या मुलखावर चिकटवायचा होता. तुर्भ्याच्या वस्तीतून येणारी एक मुलगी चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “सर, आमच्या घरी रेशनचा भात असतो. तो कुठं चिकटवू?”

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून निघाला आहे.

‘जशी जमीन तसे अन्न’ हा सिद्धान्त आपण शाळेपासून घोकत आलो. तो खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून तिथे भात. पूर्वेला तोच डोंगर ढग अडवतो आणि सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. तोही बराचसा शेवटी, उत्तरा-हस्ताचा. पण काळ्या कसदार मातीची धारणा मोठी. हत्तीच्या पावसाचे पाणी ती पोटात धरून ठेवते. त्या ओलीवर आणि पुढच्या थंडीवर शाळू पिकतो. पेरल्यापासून काढणीपर्यंत त्याला वरून पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी चालते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेले ‘मालदांडी एम ३५-१’ हे वाण याच मातीतले. मोत्यासारखा दाणा, पांढरी, गोडसर भाकर, आणि जनावरांना उत्तम कडबा. हे सगळे जमिनीचे आणि हवेचे देणे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जमिनीतून निघालेला दाणा ताटात पोहोचेपर्यंत मध्ये किती हात असतात, आणि ते कोणाचे असतात? नकाशावर हे हात दिसत नाहीत. पाककृतींच्या पुस्तकांतही दिसत नाहीत. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने त्यांनी मध्यमवर्गीय मराठी स्वयंपाकघराला एक शिस्त दिली. त्यांचे ते श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण ज्या घरात धान्य वाटीने नव्हे तर दुसऱ्याच्या ओंजळीने मोजले गेले त्या घराची पाककृती त्या मापात बसत नाही.

माझे मूळ गाव मंगळवेढे तालुक्यातले. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. २०१६ साली तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा १९९९ चा जो कायदा आहे त्याचा गाभाच असा की वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या भूमीशी बांधलेला असतो. म्हणजे शाळेतला तो सिद्धान्त आता सरकारी दप्तरात नोंदला गेला. बातमी वाचली तेव्हा मलाही आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. मग आजीची आठवण झाली.

आजीला मालदांडीची चव ठाऊक होती. पण कोणती? त्या भागात धान्य जमिनीखाली पेवात साठवायचे. पेव उघडले की मधली ज्वारी पांढरी निघे, कडेची ओल लागून काळी पडलेली असे आणि तिला एक आंबूस वास येई. ती कडेची ज्वारी आमच्या वाट्याची. खळ्यावर रास झाली की तळाला मातीत मिसळलेले दाणे राहत, ते मातेरे. तेही आमचे. रान मोकळे झाले की पडलेली कणसे वेचायची, तो सरवा. आजी म्हणायची, “काळी आई समद्यांची, पर तिच्या राशीला आपुन शेवटी.” एकाच रानातली ज्वारी, एकच पाऊस, एकच वाण, आणि गावकुसाच्या आत तिची एक चव, बाहेर दुसरी. भूगोलाच्या कोणत्या नियमाने हे सांगता येईल?

मंगळवेढ्याचा इतिहासच हा प्रश्न विचारतो. दुष्काळात बिदरच्या सुलतानाचे कोठार रयतेला खुले करणारे दामाजीपंत तिथले. त्यांना वाचवायला विठ्ठल विठू महार होऊन दरबारात गेला आणि धान्याची रक्कम भरून आला, अशी कथा आहे. महारांच्या बावन्न हक्कांची परंपराही या कथेशी जोडली जाते. कीर्तनात ही कथा ऐकताना माणसे डोळे पुसतात. मी ती वेगळ्या तऱ्हेने ऐकतो. यातला महार पैशांची थैली घेऊन येतो, पावती घेतो आणि नाहीसा होतो. धान्याच्या कथेत त्याचे काम निरोप्याचे, वेसकराचे. तो जेवल्याचा उल्लेख नाही. त्याच मंगळवेढ्यात गावकूस बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळून चोखोबा दगडांखाली गेले. परंपरा तो काळ १३३८ चा मानते. दामाजीचे कोठार आणि चोखोबाची भिंत एकाच गावातली आहेत. पहिल्याची आठवण ‘ज्वारीचे कोठार’ या विशेषणाला शोभून दिसते, दुसरीची कोणी ज्वारीशी सांगड घालत नाही.

आणि बावन्न हक्क म्हणजे तरी काय? खळ्यावरचा वाटा, मेलेले ढोर, प्रेतावरचे वस्त्र, दारोदारची भाकर. हक्क या शब्दाआड गावाची वर्षभराची, रात्रंदिवसाची राबणूक लपलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले ते यासाठीच. वतन आहे तोवर महार गावाचा नोकर राहणार हे त्यांनी ओळखले होते. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले तेव्हा त्यांनी एका शब्दात धान्य, जात आणि आयुष्य एकत्र बांधले होते. आपल्या समीक्षेने त्या शब्दातली जात वाचली, आयुष्य वाचले. धान्य फारसे वाचले नाही, असे मला वाटते.

उदाहरण देतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शेणातले ज्वारीचे दाणे धुऊन, वाळवून त्यांची भाकर केल्याचा प्रसंग आहे. त्या भाकरीला शेणाचा वास येतो. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले. कोणी त्याला दारिद्र्याचा दाहक प्रत्यय म्हटले, कोणी बीभत्स रसाच्या कोष्टकात टाकले. मला तो प्रसंग आधी शेतीचा वाटतो. सुगीच्या दिवसांत जनावर कणसात तोंड घालते. जे पचत नाही ते शेणातून पडते. म्हणजे सोलापूरच्या त्याच नामांकित काळ्या मातीतला दाणा आधी मालकाच्या राशीला जातो, मग मालकाच्या बैलाच्या पोटात, आणि तिथून जे उरेल ते गावकुसाबाहेरच्या चुलीवर. बैलाचा क्रम आमच्या आधी होता. प्रदेशाचे अन्न, प्रदेशाचे अन्न म्हणताना या क्रमाची नोंद कोणत्या कोष्टकात करणार?

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये निवडुंगाची बोंडे खाऊन दिवस काढल्याची नोंद आहे. निवडुंग खडकाळ माळावर वाढतो. त्याला कोणी मालक नसतो, म्हणून तो आमचा. इथे मला माझ्याच म्हणण्याला एक मुरड घालावी लागते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनाच जमीन सर्वांत जास्त ठाऊक होती. आजीला बांधावरची पाथरी, तांदुळजा, घोळ कोणत्या पावसानंतर कुठे उगवते हे पाठ होते. ओढ्यातला खेकडा कोणत्या दगडाखाली सापडेल हे तिला कळे. पाटलाच्या वाड्यात हे ज्ञान लागत नव्हते. तिथे कणगी भरलेली होती. तेव्हा भूदृश्य अन्न घडवते हे विधान खऱ्या अर्थाने कोणाला लागू पडत असेल तर ते भूमिहीनांना. पण त्यांनी मालकी नसलेल्या जागेतून जे अन्न गोळा केले ते ‘प्रादेशिक खाद्यसंस्कृती’त मोजले जात नाही. अलीकडे त्याच घोळीला आणि पाथरीला ‘रानभाजी महोत्सवा’त मान मिळू लागला आहे. मान भाजीला मिळतो, वेचणारीला नाही.

या पार्श्वभूमीवर शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाचे मोल मोठे आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांनी लाज न धरता आणि कीवही न मागता लिहिले. रक्ती, चान्या, वजडी हे शब्द मराठी छापील पानावर पाककृती म्हणून आले. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ या नावाने दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले होते. पण पाटोळ्यांचे पुस्तक त्या चुलीपाशी बसूनच लिहिलेले आहे. सुकवलेल्या मांसाच्या चान्या हा पदार्थ हवामानाचा म्हणता येईल. मराठवाड्याचे कोरडे ऊन नसते तर मांस असे वाळले नसते. पण ते वाळवावे का लागले? मेलेले जनावर ज्या दिवशी वाट्याला येईल त्या दिवशीच मांस मिळणार आणि पुढचे जनावर केव्हा मरेल हे ठाऊक नाही, म्हणून. ऊन भूगोलाने दिले, वाट पाहणे जातीने दिले.

या पुस्तकाचा २०२४ साली भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला, ही आनंदाची गोष्ट. त्याचे नाव मात्र ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’. माझे भांडण अनुवादकाशी नाही, नावाशी आहे. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे नाव एका संस्कृतिवचनाला छेद देते. ज्यांचे अन्न पूर्ण कधी झालेच नाही त्यांनी ‘पूर्णब्रह्म’ कसे म्हणावे, असा तो सवाल आहे. इंग्रजी नावात तो सवाल जातो आणि एक प्रांत येतो. पुस्तकाच्या दुकानात मलबार, बंगाल, चेट्टिनाड यांच्या शेजारी आता मराठवाडा मांडता येतो. या नावाने त्याला नवे वाचक मिळाले असतील, आणि त्याची मला असूया नाही. पण प्रांतांच्या फडताळात नीट बसवले की पुस्तक बोचत नाही. मराठवाडा हे नाव आम्हाला नुसते हवामान नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा त्या मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, घरातले धान्य घरासकट जळाले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. त्या सोळा वर्षांतल्या चुलींची पाककृती कोण लिहिणार?

पुन्हा त्या मुलीच्या चिठ्ठीकडे येतो. १९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जात होती. तेव्हा सरकारने अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी वाटली. कामावर सुकडी मिळे. आजी सांगायची, मिलोची भाकर थापताना चिरे, गिळताना घशात अडके. पण ती पेवाच्या कडेची नव्हती आणि त्यासाठी कोणाच्या खळ्यावर पदर पसरून उभे राहावे लागत नव्हते. कार्डावर नाव होते, नावाला माप होते. आमच्या घराण्यात हक्काने आलेले ते बहुधा पहिले धान्य, आणि ते आमच्या मातीतले नव्हते. रेशनच्या तांदळाकडे नाक मुरडणारे, ‘आपली पारंपरिक ज्वारी सोडून लोक भात खाऊ लागले’ असा गळा काढणारे विद्वान ही बाजू लक्षात घेत नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ-गहू स्वस्त झाले, २०२३ पासून ते फुकट मिळतात. शेतमजूर ते खातो कारण ते मिळतात आणि कोणापुढे वाकावे लागत नाही. त्यात जीवनसत्त्वे कमी असतील. ज्वारी रेशनवर भरपूर द्यावी अशी मागणी जरूर करावी. पण ‘परंपरेकडे परत चला’ म्हणताना कोणत्या खळ्याकडे परत चला म्हणता, तेवढे सांगावे.

ज्या नवी मुंबईत हे प्रदर्शन भरले तिची स्वतःची जमीनही पूर्वी काही पिकवत होती. खाडीला बांध घालून, उघाडीने भरतीचे पाणी अडवून खाऱ्या जमिनीत आगरी शेतकरी तांबडा राता भात काढत. बाजूला मिठागरे, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. १९७० साली सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांची जमीन शहरासाठी ठरली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. आमच्या प्रदर्शनातल्या नकाशावर या किनाऱ्यावर पापलेटचे चित्र होते. रात्याची चिठ्ठी एकही नव्हती.

त्या मुलीने शेवटी आपली चिठ्ठी नकाशाच्या बाहेर, अरबी समुद्राच्या निळ्या रंगावर चिकटवली. कोणीतरी नंतर ती काढून ठेवली.

माझे वडील वाशीच्या धान्यबाजारात हमाली करून निवृत्त झाले. तीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. मागच्या दिवाळीत मी त्यांना घेऊन बाजारात गेलो, म्हटले, या वेळी घरी मालदांडीच घेऊ. त्यांनी पोत्यात हात घातला, चार दाणे दाढेखाली फोडले आणि म्हणाले, “ही आपल्याकडली न्हाई. भारी रानातली हाय, पर पाणी पाजल्यालं.” व्यापाऱ्याने चमकून त्यांच्याकडे पाहिले. खरी मंगळवेढ्याची शेजारच्या गाळ्यावर होती. भाव ऐकून वडील थोडा वेळ थांबले. मग त्यांनी पाच किलो गहू बांधायला सांगितला, आणि एक किलो ज्वारी वेगळी, आईसाठी.