हृदयधमनीविकारावरील उपचारांची खर्च-परिणामकारकता : जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
हृदयधमनीविकारावर औषधोपचार, अँजिओप्लास्टी आणि बायपास शस्त्रक्रिया हे तीन प्रमुख उपचार आहेत. यांपैकी कोणता उपचार खर्चाच्या मानाने अधिक हितकारक, याचे उत्तर आरोग्य अर्थशास्त्रात निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळविण्यासाठी किती खर्च आला, या हिशेबाने दिले जाते. हा हिशेब पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांना कितपत लागू पडतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून या भागाच्या आरोग्याची चर्चा प्रामुख्याने कुपोषणाभोवती फिरत राहिली. प्रौढांचा हृदयविकार तिच्या परिघाबाहेरच राहिला.

उपलब्ध पुरावा :
'करेज' (२००७, २,२८७ रुग्ण) व 'इस्केमिया' (२०२०, ५,१७९ रुग्ण) या चाचण्यांत स्थिर हृदयविकाराच्या रुग्णांना औषधांच्या जोडीला स्टेंट बसविल्याने किंवा शस्त्रक्रिया केल्याने मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळले नाही. छातीतील वेदना मात्र कमी झाल्या. याउलट, अनेक धमन्या बाधित असलेल्या मधुमेही रुग्णांत बायपास अँजिओप्लास्टीपेक्षा सरस असल्याचे 'फ्रीडम' (२०१२, १,९०० रुग्ण) चाचणीने दाखविले. म्हणजेच या उपचारांची सरसकट क्रमवारी लावणे अशास्त्रीय आहे.

हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात तातडीची अँजिओप्लास्टी श्रेष्ठ होय. परंतु ती निदानापासून १२० मिनिटांत होणे शक्य नसल्यास रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध आधी द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. 'आयसिस-२' (१९८८, १७,१८७ रुग्ण) चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन एकत्र दिल्याने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले होते.

चिकित्सा :
प्रचलित मोजणीचा पहिला दोष असा की, तीत 'खर्च' म्हणजे बहुधा रुग्णालयाचे देयक. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविण्यात आली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा भारही हलका झाला. तथापि जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. घाटरस्त्याचा प्रवास, सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी आणि शहरातील मुक्काम यांची नोंद देयकात होत नाही.

दुसरा दोष काळाचा. शहरात श्रेष्ठ ठरणारा उपचार पाड्यावरून पोहोचेपर्यंत निरुपयोगी ठरू शकतो. अशा ठिकाणी ग्रामीण रुग्णालयातील ईसीजी यंत्र, तो वाचणारा डॉक्टर आणि साठ्यात असलेले गुठळी विरघळविणारे औषध यांवर केलेला खर्च अधिक जीव वाचवू शकेल.

तिसरा दोष औषधोपचाराच्या सातत्यासंबंधी आहे. औषधोपचार स्वस्त ठरतो, तो रुग्ण गोळ्या वर्षानुवर्षे घेतो या गृहीतकावर. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्या व बांधकामांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. गोळ्यांसाठी दरमहा गावच्या केंद्रात येण्याची अट त्यांना पाळता येणे कठीण. गोळ्या खंडित झाल्या की कागदावरील परिणामकारकताही संपते.

येथे एक आक्षेप संभवतो : अशा मांडणीमुळे शहराला स्टेंट आणि आदिवासींना स्वस्त गोळी, अशी विभागणी रूढ होईल. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु स्थिर विकारात औषधोपचार हा गरिबांसाठीचा दुय्यम पर्याय नसून पुराव्याने सिद्ध झालेला पाया आहे. विषमता गोळी देण्यात नाही; ती गोळी अखंड न मिळण्यात आणि गरज असूनही बायपासपर्यंत न पोहोचण्यात आहे. गुठळी विरघळविल्यानंतर रुग्णाला पुढील रुग्णालयात हलविणे हाही त्याच उपचाराचा भाग होय. तो टाळून केलेली बचत ही बचत नव्हे.

निष्कर्ष :
खर्च-परिणामकारकता हा उपचाराचा अंगभूत गुण नसून उपचार, अंतर, काळ आणि रुग्णाचे जीवनमान यांच्या संबंधातून ठरणारी बाब आहे. त्यामुळे जव्हार-मोखाड्यासाठी ईसीजी व गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची चोवीस तास उपलब्धता, स्थलांतरापूर्वी अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम देणे, स्थलांतराच्या ठिकाणी त्याच नोंदीवर औषध मिळणे आणि पुढील उपचारांसाठी वाहनाची खात्री यांचा विचार स्टेंटच्या किमतीइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवा. रुग्णाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी ज्या हिशेबात धरली जात नाही, तो हिशेब या तालुक्यांपुरता तरी अपुरा मानावा लागेल.