उपासनेंतील मजूर

मराठी ख्रिस्ती उपासनेंत घामाला जागा किती, हा प्रश्न आमच्या मनांत आला तो कोणत्याही चर्चमध्यें नव्हे, परांडा तालुक्यांत भैरवनाथाच्या सोनारीस. दसरा-दिवाळी झाली कीं या बाजूचे ऊंसतोडीचे जथे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मुकादमाची उचल हंगामभर फेडावयाची, आणि एक दिवस अंग टाकलें तर खाडा. दोन माणसांना एका हत्याराचें नांव देणाऱ्यास भाषा उत्तम अवगत असली पाहिजे!

आमच्याकडील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. वेदीपुढें ज्वारीचीं कणसें, भोपळे, क्वचित् उंसाची मोळी मांडतात; उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. देखावा मनोहर, यांत शंका नाहीं. परंतु आम्हीं ऐकलेल्या प्रार्थनांत व पदांत आभार पाऊस देणाऱ्याचे होते, पीक वाढविणाऱ्याचे होते. तोडणाऱ्याचें नांव नव्हतें, मग त्याच्या मजुरीची विचारपूस कोठून असणार?

हा दोष ग्रंथाचा नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रांत मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी अशी आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रांत कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाचा दीनार मिळतो. त्यावरील प्रवचन मात्र बहुधा देवाच्या कृपेवर होतें. कोणी कामाला बोलावील म्हणून बाजारांत दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसावर होत नाहीं.

मग उणें कोठें पडलें? येथें रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे (१८६१-१९१९) पाहावें लागतें. १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनीं परक्या चालींच्या उपासनेंत अभंग, भजन व कीर्तन रुजविलें. हें ऋण मोठें आहे. पण वारकऱ्यांची आर्तता त्यांनीं जितकी घेतली, तितकें त्यांचें काम घेतलें नाहीं, असें आमचें मत आहे. सोनारीच्याच जिल्ह्यांत तेर आहे. तेथला गोरा चिखल तुडवीत नाम घेतो. सांवत्याला मळ्यांतच पंढरी भेटते. आणि चोखामेळा १३३८ सालीं मंगळवेढ्यास भिंत कोसळून तिच्याखालीं गेला, म्हणजे मजूर म्हणूनच मेला. त्याच्या अस्थि नामदेवानें पंढरीच्या महाद्वारीं आणल्याची कथा आम्ही भक्तिभावानें ऐकतों. भिंतीचा हिशेब आम्हींही कधीं विचारलेला नाहीं. तेव्हां आक्षेप एकट्या ख्रिस्ती मंडळीवर नाहीं.

रोमन कॅथॉलिक पंथानें एक पाऊल टाकलें आहे. १९५५ सालीं बारावे पोप पायस यांनीं १ मे हा कामकरी संत योसेफाचा दिवस ठरविला. १९६९ सालीं ठरलेल्या नव्या मिस्साविधींत तर भाकर अर्पितांना ती भूमीचें फळ व मानवी हातांचें काम आहे, असें धर्मगुरु बोलतो. आमच्या हंगामाच्या सणांत एवढें एक वाक्य, आणि त्यामागून मजुरी चुकती झाली काय हा एक प्रश्न, कां असूं नये? लिलावांत उंसाची मोळी चढ्या भावानें जाते. ती तोडणारी जोडी त्या रविवारीं बहुधा फडांतच असते.